माणसाची साक्ष : कागद नसलेल्या कुटुंबांच्या पाठीशी उभं राहताना

सरकारी कचेरीत पुरावा मागितला जातो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एकच असतो : याआधीचा एखादा पुरावा आणा. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. वडील शाळेत गेले नसतील तर आजोबांची एखादी नोंद. रेशनकार्डासाठी राहण्याचा पुरावा लागतो, म्हणजे वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार. बँकेच्या खात्यासाठी आधार, आणि आधारसाठी पुन्हा ओळखीचा आणि पत्त्याचा कागद. गावात चार पिढ्या घर असलेल्या माणसाला या साखळीचं ओझं जाणवत नाही, कारण तिची एकेक कडी त्याच्या नकळत घडत गेलेली असते. जत्रेच्या मैदानाकडेला पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबाच्या हातात मात्र पहिली कडीच नसते, आणि ती नसली की पुढची कुठलीच मिळत नाही.

ही पहिली कडी येते कुठून? कुठल्याही जुन्या नोंदीच्या मुळाशी गेलं तर तिथे एक बोलणारा माणूस सापडतो. कुणीतरी कोतवालाला सांगितलं, ‘अमक्याच्या घरी मुलगा झाला’, म्हणून ते गाव नमुना १४ मध्ये चढलं. कुणीतरी पोराला शाळेत नेलं आणि गुरुजींनी रजिस्टरमध्ये जन्मतारीख लिहिली. महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, मुलाचं वय अंदाजानं ठरायचं आणि तारीख १ जून पडायची. पुढे तीच तारीख नोकरीत चालली, निवृत्तीतही चालली. कुणी हरकत घेतली नाही, कारण त्या मुलाला गाव ओळखत होतं.

या प्रकरणाचं म्हणणं हेच आहे. कागद नसलेल्या कुटुंबाला समाजानं द्यायचा आधार धान्य, कपडे आणि पैशांपाशी थांबत नाही. ‘हो, मी यांना ओळखतो’ असं जबाबदारीनं सांगणं आणि त्या सांगण्याची नोंद होईपर्यंत सोबत राहणं, हा त्या आधाराचा गाभा आहे.

कुणाची नोंद राहून जाते

चित्र पूर्वीपेक्षा खूप सुधारलं आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या सुमारे ४१ टक्के मुलांचीच जन्मनोंदणी झालेली आढळली होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८९ टक्क्यांवर पोहोचलं. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली आणि नोंद तिथेच होऊ लागली, हे त्यामागचं मोठं कारण. पण उरलेली मुलं सगळ्या समाजात सारखी विखुरलेली नाहीत. जिथे घर फिरतं किंवा कामाची जागा बदलते, तिथे ती एकवटलेली दिसतात.

मसणजोगी, गोपाळ, वैदू, नंदीवाले, डोंबारी अशा भटक्या जमाती. रायगड, ठाणे, पालघरमधून सहा-सहा महिने वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जाणारी कातकरी कुटुंबं. मुकादमाची उचल घेऊन फडावर गेलेली ऊसतोड जोडपी. लैंगिक व्यवसायात ढकलल्या गेलेल्या बाया आणि त्यांची मुलं. यांच्यात कागद नसण्याची कारणं वेगवेगळी आहेत, परिणाम मात्र सारखाच होतो. फडावर जन्मलेल्या बाळाची नोंद कारखान्याच्या गावात व्हायला हवी, कारण जन्म जिथे झाला तिथलाच निबंधक ती करतो. पण एकवीस दिवसांत टोळी पुढच्या गावी गेलेली असते. परत आल्यावर मूळ गावातला ग्रामसेवक सांगतो, ‘जन्म इथला नाही.’ दोन्ही कचेऱ्या नियमानं बरोबर असतात आणि मूल नोंदीशिवाय राहतं.

आग आणि पूर वेगळेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरानं सांगली-कोल्हापुरात हजारो घरं बुडाली, आणि भांड्याकुंड्यांबरोबर ट्रंकेतले कागदही गेले. ज्यांची मूळ नोंद कचेरीत होती त्यांना नक्कल काढता येते. ज्यांच्याजवळचा तुकडा हाच एकमेव पुरावा होता, त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

हजेरी घेतली, ओळख दिली नाही

भटक्या-विमुक्तांची नोंद झाली नाही असं म्हणणं मात्र अर्धसत्य ठरेल. एका काळी या देशात सर्वांत बारकाईनं नोंदलेली माणसं हीच होती.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानातल्या काही प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्यानं त्याचा विस्तार साऱ्या ब्रिटिश मुलुखात झाला. या कायद्याखाली एखादी जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करता येत असे. मग तिच्यातल्या माणसांची नावं रजिस्टरमध्ये लिहिली जात, बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि हद्दीबाहेर जायचं तर पास काढावा लागे. सोलापूर, विजापूर, हुबळी इथे काटेरी तारांच्या आत वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरकर आजही त्या जागेला सेटलमेंट म्हणतात.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून गेला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. तारा निघाल्या, हजेरी थांबली. पण पहारा ठेवण्यासाठी जितक्या तत्परतेनं नावं लिहिली गेली होती, तितक्या तत्परतेनं जमीन, घर, शाळा आणि शिधा देण्यासाठी ती पुन्हा लिहिली गेली नाहीत. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील भटक्या-विमुक्तांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाचा २०१७ च्या अखेरीस तयार झाला. दोन्ही अहवालांनी या समाजांकडे रेशनकार्ड आणि जातीचा दाखला यांसारखी साधी कागदपत्रंही नसल्याकडे लक्ष वेधलं.

ही पार्श्वभूमी ठाऊक असली की एक गोष्ट समजते. वस्तीवर कुणी वही-पेन घेऊन गेलं की म्हातारी माणसं आधी नाव सांगायला कचरतात. तिथे जाणाऱ्या कार्यकर्त्यानं त्याला अडाणीपणा समजू नये. नाव लिहून देण्याचा त्यांच्या आज्यापणज्यांचा अनुभव काय होता, ते आपण नुकतंच पाहिलं.

तारखांची भिंत

महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचं राज्यातलं वास्तव्य एका ठरावीक तारखेपूर्वीचं दाखवावं लागतं. अनुसूचित जातींसाठी ती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आज शाळेत शिकणाऱ्या वैदूंच्या मुलीला, आपले पणजोबा १९६१ पूर्वी महाराष्ट्रात होते हे दाखवायचं आहे. ते होतेच, गावोगाव सुया-पोत विकत, जडीबुटी देत फिरत होते. पण फिरणाऱ्याची नोंद कुठल्या गावानं ठेवायची?

त्यात प्रदेशानुसार वर्ग बदलतो. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींमध्ये आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये येतो. एकाच भावकीतली दोन घरं जिल्ह्याच्या सीमेमुळे दोन वेगळ्या यादीत असू शकतात. नेमकं कुठलं प्रकरण कुठे मांडायचं हे ठरवण्यातच महिने जातात.

या भिंतीत वाट कशी काढायची याचं एक व्यवहारी शास्त्र वस्त्यांवर काम करणाऱ्यांनी घडवलं आहे. पितृकुळातल्या एखाद्या रक्ताच्या नातेवाइकाला जात पडताळणी समितीनं रीतसर चौकशीनंतर वैधता प्रमाणपत्र दिलेलं असेल, तर न्यायालयांनी ते कुळातल्या दुसऱ्यांसाठी भक्कम पुरावा मानलं आहे. म्हणून शहाणा कार्यकर्ता पन्नास अर्ज एकदम भरत बसत नाही. आधी भावकीची वंशावळ मांडतो. चुलत्यांच्या, चुलत-चुलत्यांच्या घरात कुणी शाळेत गेलं होतं का, कुणी गिरणीत, रेल्वेत, सैन्यात होतं का, याचा माग काढतो. एका घराची नोंद हाती लागली की तिच्या आधारानं पंधरा घरं सुटतात. शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, कोतवाल बुकातली ओळ, जुन्या खरेदीखतावरचा साक्षीदाराचा अंगठा. शोधणाऱ्याला यातलं काहीतरी सापडतं. शोधायला वेळ आणि चिकाटी लागते, आणि रोजंदारी बुडवून कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या कुटुंबाकडे नेमकं तेच नसतं. इथे समाजाची गरज लागते.

कायद्यानं साक्षीला दिलेली जागा

अनेकांना ठाऊक नसतं की आपल्या कायद्यांनी कागदाऐवजी माणसाच्या शब्दाला ठिकठिकाणी जागा दिलेली आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये कलम १४ स्पष्ट सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर पालकांचं निवेदन पुरतं. कलम ४ नुसार मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवायचं असतं. आधारबाबतच्या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही असं सांगितलं.

वनहक्क कायदा, २००६ च्या नियमांनी तर वडीलधाऱ्या माणसांचं लेखी उतरवलेलं कथन हाच एक पुरावा मानला आहे. अट एवढीच, की तो वडीलधारा स्वतः दावेदार नसावा. २०१२ च्या दुरुस्तीनं अमुकच कागद आणा असा हट्ट वरच्या समित्यांनी धरू नये, हेही स्पष्ट केलं. दावा आधी ग्रामसभेसमोर येतो, म्हणजे ओळखणाऱ्या माणसांसमोर.

मतदार यादीचा नियम फार कमी लोकांना माहीत आहे. बेघर माणसानं अर्ज केला तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं रात्रीच्या वेळी त्या जागी जाऊन, तो खरोखर तिथे झोपतो का हे पाहायचं असतं. तसं आढळलं तर पत्त्याचा कागद लागत नाही. गुजरातमध्ये मित्तल पटेल यांच्या विचरता समुदाय समर्थन मंचानं भटक्या जमातींना मतदार ओळखपत्रं मिळवून देण्याचं काम केलं, आणि अनेक कुटुंबांसाठी तोच पहिला सरकारी कागद ठरला.

लैंगिक व्यवसायातल्या महिलांबाबत सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ रोजी दिलेला आदेशही याच धाग्यातला आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या राजपत्रित अधिकाऱ्यानं किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकानं ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र दिलं, तर पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार मिळावं आणि त्या प्रक्रियेत तिची गोपनीयता राखली जावी, असं न्यायालयानं सांगितलं. त्या अधिकाऱ्यांपर्यंत नावं पोहोचवण्याचं काम मात्र वस्तीत वर्षानुवर्षं वावरणाऱ्या संस्था आणि या महिलांचे स्वतःचे गट यांनाच करावं लागतं. तिच्या मुलांसाठी २०१५ चा एक निकाल महत्त्वाचा आहे. अविवाहित किंवा एकट्या आईनं प्रतिज्ञापत्र दिलं की वडिलांच्या नावाचा आग्रह न धरता मुलाचा जन्मदाखला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलं आहे.

आणि आधार? २०१६ च्या आधार नोंदणी विनियमांत आणि त्याआधीही, ज्याच्याकडे कागदच नाही अशासाठी परिचय करून देणाऱ्या व्यक्तीमार्फत नोंदणीची सोय होती. मूळ कल्पना फार चांगली होती. पण माहितीच्या अधिकारात २०१५ मध्ये मिळालेल्या उत्तरानुसार, तोवर दिलेल्या सुमारे ८३.५ कोटी आधार क्रमांकांपैकी जेमतेम २.१९ लाख या वाटेनं आले होते. बाकी सगळ्यांकडे आधीपासून कागद होतेच. ज्यांच्यासाठी दार ठेवलं होतं त्यांच्या वतीनं ते ठोठावणारं कुणी पुरेसं नव्हतं, हाच या आकड्याचा अर्थ आहे.

वस्तीवरचं काम : पायरीपायरीनं

पहिली पायरी म्हणजे घरटी फाइल. कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, अंदाजे वय, जन्माचं ठिकाण, आत्तापर्यंत मुक्काम केलेली गावं आणि हाती असलेला प्रत्येक तुकडा तिच्यात जमा करायचा. लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचा केसपेपर, जुनं मतदार कार्ड, कारखान्याची पावती, सगळंच. बाळाच्या बाबतीत आशाताईंची नोंद आणि माता-बाल संरक्षण कार्ड ही दोन्ही सोन्याच्या मोलाची, कारण त्यांवर तारीख असते.

दुसरी पायरी जन्मनोंदणीची. १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांत नोंद विनाशुल्क होते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, एक वर्षापर्यंत प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. २०२३ च्या दुरुस्तीनं, जी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. त्याच दिवसापासून जन्मलेल्यांसाठी शाळा, मतदार नोंदणी, वाहन परवाना अशा अनेक कामांत जन्मदाखला हाच तारखेचा आणि ठिकाणाचा मुख्य पुरावा झाला आहे. म्हणजे आज फडावर जन्मलेलं बाळ नोंदीविना राहिलं, तर त्याच्यापुढची वाट त्याच्या आईबापांच्या वाटेपेक्षाही अरुंद असेल. बनावट दाखल्यांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये राज्यात उशिराच्या नोंदणीची प्रक्रिया आणखी काटेकोर झाली. म्हणून सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सोपी मदत ही पहिल्या २१ दिवसांतली आहे. बाळंतपण झालं की टोळी हलण्याआधी कुणीतरी ग्रामपंचायतीत जाऊन यावं. फड ज्या गावात पडला त्या गावच्या शिक्षिकेनं, अंगणवाडीताईनं, शेतमालकानं एवढं मनावर घेतलं तरी एका आयुष्याचे हेलपाटे वाचतात.

तिसरी पायरी अर्जाची आणि इथे एक नियम कधी मोडू नये : तोंडी नकार घेऊन परत यायचं नाही. ‘कागद पूर्ण करून या’ या वाक्याविरुद्ध अपील करता येत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्जाची पोच मिळायला हवी, सेवेची मुदत ठरलेली असते आणि अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं. अर्ज दिला, पोच घेतली, कारण लेखी मिळालं, की पुढे अपील करता येतं. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे; तरी वस्त्यांवर स्टँपपेपरच्या नावाखाली पैसे उकळणारे असतात. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि वेठबिगारीतून सुटलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही सांगावं लागतं. शिकलेल्या माणसानं सोबत जाऊन समोरच्या खुर्चीत बसणं, एवढ्यानंही कित्येकदा टेबलापलीकडचा सूर बदलतो.

चौथी पायरी नावांची. एका कागदावर ‘शिंदे’, दुसऱ्यावर आडनावाच्या जागी जमातीचं नाव. एकावर बायकोचं माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. पहिला कागद काढतानाच घरातल्या सगळ्यांची नावं एका पद्धतीनं लिहून ठरवून घेतली, तर पुढची दहा वर्षं दुरुस्त्यांत जात नाहीत.

कागद येईपर्यंतचे दिवस

दाखला निघायला महिने लागतात आणि भूक तेवढी थांबत नाही. २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. आधारशी जोडलं नाही म्हणून घरचं रेशनकार्ड रद्द झालं होतं आणि पोरगी उपाशी गेली, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. प्रशासनानं मृत्यूचं कारण आजार असल्याचं म्हटलं. त्या वादाचा निवाडा काहीही होवो, ज्या घराला शिधा सर्वांत जास्त हवा होता त्याच घराचं कार्ड कागदाअभावी बंद होतं.

आधार कायद्याच्या कलम ७ मध्येच म्हटलं आहे की ज्याला क्रमांक मिळालेला नाही त्याला लाभासाठी ओळखीचा दुसरा पर्याय द्यावा. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ गरोदर व स्तनदा मातांना आणि सहा वर्षांखालच्या मुलांना अंगणवाडीतून आहाराचा हक्क देतो. शाळेत बसलेल्या मुलाला दुपारचं जेवण मिळतं. म्हणून कागदांची धावपळ चालू असतानाच मुलांना त्याच आठवड्यात अंगणवाडीत आणि शाळेत पोहोचवावं. त्यात दोन्ही साधतं. पोटाला आधार मिळतो आणि हजेरीपटावर नाव चढतं. तुळजापूरजवळच्या यमगरवाडीत गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारध्यांच्या आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी केली. अशा शाळेत नाव घातलेल्या मुलाच्या नातवंडांना उद्या पुरावा शोधत फिरावं लागणार नाही. आजोबांचा उतारा शाळेच्या कपाटात असेल.

साक्षीची जबाबदारी

साक्षीला इतकं मोल आहे म्हणूनच ती सांभाळून द्यावी लागते. दयेपोटी चुकीचं वय सांगणं, ओळख नसताना सही करणं, यादीत बसावं म्हणून दुसऱ्याच जातीचं नाव लिहिणं, यांनी त्या कुटुंबाचंच नुकसान होतं. खोट्या माहितीवर जातीचा दाखला मिळवल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि एक खोटा दाखला पकडला गेला की खऱ्यांच्या शंभर अर्जांकडे संशयानं पाहिलं जातं. दुसरी गोष्ट, कुटुंबाचे मूळ कागद कार्यकर्त्यानं स्वतःकडे ठेवू नयेत. वस्तीवरच्या कागदांचे गठ्ठे हाती धरून बसणारे दलाल पुष्कळ आहेत. मदत करणाऱ्यानं तसा दलाल होऊ नये. प्रत द्यावी, पोच समजावून सांगावी आणि घरातल्या एखाद्या शिकत्या मुलीला अर्ज भरायला शिकवावं. पुढच्या खेपेला शेजारच्या पालाचा अर्ज ती भरेल.

गावानं जे करायचं तेही याहून अवघड नाही. दरवर्षी आपल्या हद्दीत कोणती पालं येतात, किती वर्षांपासून येतात, हे गावातल्या चार जाणत्यांना ठाऊक असतं. ते ग्रामसभेत मांडून ठरावात लिहून ठेवावं. दाखले देणारी महाराजस्व अभियानासारखी शिबिरं तालुक्याच्या ठिकाणी भरतात. ती वस्तीवर भरवा अशी मागणी तहसीलदारांकडे लेखी करावी. पोलीस पाटील, मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका यांनी जात पडताळणीच्या गृहचौकशीच्या वेळी जे पाहिलं आहे ते स्पष्ट शब्दांत सांगावं. या माणसांनी आपल्या जात्यांना टाकी लावली, आपल्या विळ्यांना धार दिली, आपल्या कारखान्यांना ऊस तोडून दिला. ती इथली आहेत हे आपल्याला माहीत आहे. जे माहीत आहे ते सही करून सांगणं, हे आपलं त्यांच्याविषयीचं पहिलं कर्तव्य आहे.